न चालता खाल्लेलं वॉफल

आस्विक,
ऑगस्टमधला शेवटचा मंगळवार

प्रिय गुन्वोरताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझ्यावर, तुझ्या घरावर आणि तुझ्या नव्या खुब्यावर देवाची कृपा असो.

तुझं पत्र गेल्या सोमवारी पोचलं. टाके निघाले, दोन काठ्यांवरून तू एका काठीवर आलीस, गॅलरीतली फुलझाडं बर्गनच्या पावसात कुजता कुजता वाचली, हे सगळं मी ओशिल्डला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईंचं अक्षर बघ. बाई काठीवर टेकलीय, पण अक्षर कसं ताठ उभं आहे." (माझ्या बायकोला तुझ्याविषयी जेवढा आदर वाटतो त्याच्या निम्मा माझ्याविषयी वाटला असता तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण ते असो.) इकडे आम्ही ठीक आहोत. गवताची दुसरी कापणी झाली. चर्चच्या घंटेला नवा दोर आला. तो अजून कडक आहे, हात सोलतो. यंदा आतापर्यंत मला तीनच कबरी खणाव्या लागल्या आणि तिघंही नव्वदीच्या पुढचे होते, तेव्हा चर्चचा सेवक म्हणून माझी काही तक्रार नाही.

पण ताई, तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर, सही करायच्या जरा आधी, तू एक वाक्य लिहिलं आहेस. "आता मी चालत नाही, तेव्हा लोण्यावर माझा हक्क राहिला नाही." हे वाक्य मी ओशिल्डला वाचून दाखवलं नाही. तू ते गमतीनं लिहिलंस असं मी दोन दिवस स्वतःला सांगत राहिलो. मग बुधवारी तुझ्या सिग्नीचा फोन आला. ती म्हणाली, "मामा, आईचा हिवाळी कोट आता आम्हा दोघींना मिळून पुरेल. सकाळी कोरडी कडक भाकरी, दुपारी उकडलेलं गाजर, रात्री काही नाही. मी लोणी आणते आणि ती ते शेजारणीला देऊन टाकते." तेव्हा मला कळलं की गंमत नाही.

मी तुला उपदेश करायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तू माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत तू कवायत शिकवलीस. या खाडीच्या काठावर चाळिशीच्या पुढचा एकही माणूस असा नाही ज्याच्या पाठीत तू बोट टोचून त्याला सरळ उभं केलं नसशील. शाळेची सहल ग्रोनिपाच्या डोंगरावर जायची तेव्हा शिखर येईपर्यंत कोणी डबा उघडायचा नाही, हा तुझा नियम. मी आठ वर्षांचा असताना अर्ध्या वाटेवर तो मोडला. तू माझ्या हातातला पाव घेतलास, कोणावर ओरडली नाहीस, शांतपणे तो एका मेंढीला भरवलास आणि पुढं चालू लागलीस. त्या मेंढीचा चेहरा मला अजून आठवतो. तिनं काहीसुद्धा केलेलं नव्हतं. ती तिथं नुसती उभी होती. तेव्हापासून मी या विषयावर विचार करतो आहे, आणि या उन्हाळ्यात तो विचार कुठवर गेला तेवढंच तुला सांगतो.

एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. साखर अजून हद्दीच्या अलीकडे आहे म्हणाल्या, पण कुंपणावर हात ठेवून पलीकडे बघत उभी आहे. वजनाचं विचारू नकोस. (एकशे चार.) त्यांनी मला एक छापील कागद दिला. त्यावर हिरव्या चौकटीत पानं होती आणि लाल चौकटीत मी आजवर जे जे खाल्लं ते सगळं होतं. ओशिल्डनं तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला आणि त्याच संध्याकाळी घरातून साय, लोणी, जर्दाळूचा मुरंबा आणि तपकिरी चीज अशी चार माणसं नाहीशी झाली. मी त्यांना माणसं म्हणतो, कारण आठवण तशीच येत होती. तिसऱ्या आठवड्यात मी प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कातडी बांधणीचा वास घेताना तिला सापडलो. तेव्हा ती विरघळली आणि तिनं एक ठराव मांडला. मी दर आठवड्याला एकदा ग्रोनिपा चढायचा, शिखरावरच्या वहीत नाव लिहायचं आणि उतरायचं. ज्या आठवड्यात नाव असेल त्या रविवारी मला हवं ते खायची मोकळीक. इतर सहा दिवस हिरवी चौकट. हे सगळं सप्टेंबरअखेरच्या संत मिखाएलच्या सणापर्यंत, कारण त्या सुमारास डॉक्टरीणबाई पुन्हा तपासणार. "चढशील तर खाशील," ती म्हणाली, आणि मला क्षणभर वाटलं की तुझाच आवाज ऐकतो आहे.

व्यायाम मंडळाच्या मागे लागून सत्तावीस वर्षांपूर्वी तू शिखरावरच्या दगडांच्या ढिगात बसवून घेतलेला तो पत्र्याचा डबा अजून तसाच आहे. आत वही आहे आणि दोरीनं बांधलेलं पेन आहे. गावात अजूनही कोण किती वेळा वर गेलं यावरून माणसाची किंमत ठरते, आणि वर्षातून तीस वेळा नाव लिहिणाऱ्याला डोंगराचं चित्र असलेला मग मिळतो. काही घरांत या मगांची रांग खिडकीत अशी मांडलेली असते की रस्त्यावरून मोजता यावी. आमच्या खिडकीत जिरेनियम आहे.

पहिल्यांदा चढलो तो मे महिन्यातला शनिवार होता. चढण्याविषयी मी फार लिहीत नाही. वर जाताना एका मेंढीनं मला मागे टाकलं, एवढं पुरे. पण रविवारी सकाळी प्रभुभोजनाच्या वेळी नेहमीप्रमाणे मी वेदीपाशी गुडघे टेकले, आणि मग उठता येईना. मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. बाकीचे लोक येत होते, गुडघे टेकत होते, उठून जात होते, आणि मी तिथेच. पाद्रीबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेवटचं स्तोत्र संपलं तरी मी तिथेच होतो. अखेर कठड्याला धरून कसाबसा उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लोकांनी पाहिलं. बाहेर आवारात तीन म्हाताऱ्यांनी माझा हात हातात घेतला. एक म्हणाली, "तोर्लाइव, आज तुझ्याकडे बघून आम्हाला बळ आलं." मी काही बोललो नाही. (हे पाप मी अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता तुला सांगितलं.)

त्या दुपारी मला माझी पहिली मोकळीक मिळाली. ओशिल्डनं आंबट सायीची लापशी केली, वर लोणी तरंगत होतं, दालचिनी होती. मी दोन ताटल्या खाल्ल्या आणि मला वाटलं, ताईचं बरोबर होतं. मेंढीचंच नशीब चांगलं होतं एवढंच.

पुढं काय झालं ते तू ओळखलं असशील. जूनपासून ग्रोनिपावरची मंडळाची झोपडी रविवारी उघडी असते आणि तिथं वॉफलं मिळतात. मी प्रार्थना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत बूट बदलायचो आणि काळ्या सदऱ्यातच निघायचो. वर पोचल्यावर वॉफल खायचो, कारण मी चढलो होतो. मग दुसरं खायचो, कारण वारा समोरून होता. तिसरं, कारण अजून उतरायचं होतं, आणि उतरणं गुडघ्यांना चढण्याहून जड जातं हे तूच शिकवलंस. मग घरी येऊन लापशी, कारण ठरावात झोपडीचा उल्लेख नव्हता. जूनच्या शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडे सहज म्हणून गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो. वजन एकशे सात. त्यांनी काटा बदलून पाहिला. "तुम्ही नक्की चढता ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहीत नाव आहे. "मग खाता काय?" मी म्हटलं, माझ्या हक्काचं आहे तेवढंच.

त्या रात्री प्रार्थना करताना माझं लक्ष लागेना, आणि ते साखरेमुळे नव्हतं. तेवीस वर्षं मी त्या चर्चची घंटा वाजवतो. तेवीस वर्षं दर रविवारी मागच्या बाकावर बसून हेच ऐकतो की माणसाला जे मिळतं ते त्याच्या कष्टाचं बक्षीस म्हणून मिळत नाही, ते दिलं जातं. हे मी मान डोलावून ऐकतो. आणि मग बूट बदलून एका डोंगरावर वॉफल मिळवायला जातो. रविवारी अकरा ते बारा एक धर्म, बारानंतर दुसरा. शिवाय एक गोष्ट आणखी वाईट होती. मला चव लागत नव्हती. तीन वॉफलं खाऊन मी खाली उतरायचो आणि त्यांत वेलची होती की नव्हती हे मला सांगता आलं नसतं. मी खात नव्हतो, वसूल करत होतो. पण ठराव मोडायचं धैर्यही होईना. चढलो नाही तर गाजर, आणि चढलो तर हे असं.

आता ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारचं सांगतो. हे तुला कोणाकडून तरी कळलं असेलच, कारण फेरीबोटीवरसुद्धा लोक त्याविषयी बोलत होते असं कानावर आलं. पण त्यांच्याकडून कळलेलं खोटं आहे. मुद्दाम काही केलं नव्हतं.

धुकं होतं. आपल्या खिंडीत दोन वाटा फुटतात ना, डावीकडे लाल खुणांची ग्रोनिपाला आणि उजवीकडे पिवळ्या खुणांची मोलेन गावाच्या डोंगराला. मला कुठलाच रंग दिसत नव्हता. पुढं एका मेंढीची घंटा वाजत होती, आणि मी तिच्यामागून चाललो. (मेंढ्यांवर विश्वास ठेवण्याची माझी खोड तुला माहीत आहे. बालपणी त्यांचं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं.) शिखर आलं, दगडांचा ढीग आला, डबा आला. मी वही काढली, तारीख घातली आणि नेहमीप्रमाणे पूर्ण नाव लिहिलं: तोर्लाइव, चर्चसेवक, आस्विक. मग पान उलटलं आणि वरती छापलेलं वाचलं: मोलेन व्यायाम मंडळ.

ताई, बर्गनला जाईपर्यंत तू आयुष्यभर या खाडीत राहिलीस, तेव्हा मोलेनच्या वहीत आस्विकच्या माणसाचं नाव म्हणजे काय हे तुला समजावून सांगायची गरज नाही. खोडायचं म्हटलं तर ते शाईचं पेन होतं. पान फाडायचं म्हटलं तर मी चर्चचा माणूस. मी डबा बंद केला आणि वॉफलचा वास आला तिकडे खाली उतरलो. त्यांची झोपडी आपल्यापेक्षा मोठी आहे, हे मला मान्य करावं लागतं.

आत एकच म्हातारी होती. येन्सिना तिचं नाव, वय सत्त्याऐंशी. धुक्यामुळे दुसरं कोणी वर आलं नव्हतं. ती वॉफलच्या तव्याशी बसली होती आणि तिच्या ताटलीत वॉफल होतं, त्यावर साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा, आणि तिचं तोंड भरलेलं होतं. "ये, ये. दार लाव, धुकं आत येतंय. आस्विकचा ना तू? बूट बघूनच कळलं." मी बसलो. मला वाटलं, या वयात ही बाई इथवर चढली, काय ही हिंमत. म्हणून विचारलं, "आजी, तुम्ही एकट्याच चालत आलात?"

"या गुडघ्यांनी? सुनेनं ट्रॅक्टरवरून आणून टाकलं. मागच्या बाजूनं रस्ता आहे. पोत्यासारखी बसते आणि पोत्यासारखी उतरते."

मी तिच्या ताटलीकडे बघितलं असावं, कारण ती म्हणाली, "काय बघतोस? दुसरं आहे. नाही, खोटं कशाला बोलू, तिसरं."

"न चालता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे?"

मी म्हणालो, "मी चालून आलो आहे, म्हणून मी खाणार."

"बरं. मला भूक लागली म्हणून मी खाल्लं. तुला काय, पायांना भूक लागते?"

मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. धुक्यात माणूस बोलतो. साखर, ठराव, वही, एकशे सात. ती हसली नाही. एक वॉफल माझ्यापुढे ठेवलं, त्यावर चमचाभर साय घातली, आणि मी नेहमीप्रमाणे हात जोडले. ती थांबली. प्रार्थना झाल्यावर म्हणाली, "काय म्हणालास आत्ता?"

"जे देतोस त्याबद्दल आभार, असं."

"देतोस असंच म्हणालास ना? का मी चढून मिळवलं त्याबद्दल, असं म्हणालास?"

तिनं पुढच्या वॉफलचं पीठ तव्यात पसरलं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागली. "आमच्या ह्यांना डाव्या अंगाला झटका आला. नांगर धरता येईना, गवत कापता येईना. अठ्ठावन्न वर्षांचे होते. ताटावर बसले की म्हणायचे, मी आज काय केलं म्हणून हे खाऊ? लोणी आधी सोडलं. मग बटाटे. डॉक्टर म्हणाले झटक्यातून बरे होतायत, पण ते तर उपाशी होते. मी रोज ताट ठेवायचे आणि ते रोज हात मागे घ्यायचे. सहा महिने. मला वाटायचं स्वाभिमानी आहेत, असू दे. मी ओरडायला हवं होतं." वॉफल करपलं. तिनं ते काढून स्वतःच्या ताटलीत घेतलं आणि मला म्हणाली, "खा. थंड झालं की चामडं होतं."

मी खाल्लं. एकच. वेलची होती, ताई, आणि थोडीशी जास्तच होती. दुसरं तिनं विचारलं तेव्हा मी पोटाला विचारून पाहिलं, आणि पोट नाही म्हणालं. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं.

मी खाली उतरतो न उतरतो तोच माझी बदनामीही खाली उतरली. संध्याकाळी धुकं विरल्यावर मोलेन मंडळाची एक पोर वर गेली, तिनं वहीच्या पानाचा फोटो काढून सगळीकडे धाडला, खाली लिहिलं: "आस्विकच्या चर्चसेवकांना अखेर खरा डोंगर सापडला." सोमवारी दुकानात मी दूध घ्यायला गेलो तेव्हा आत सहा माणसं होती आणि सहाही गप्प झाली. आपल्या मंडळाचा अध्यक्ष बटाट्यांच्या पेटीशी उभा होता. तो बटाट्यांना उद्देशून म्हणाला, "तिकडचं वॉफल गोड लागतं म्हणे." मी म्हटलं, "वेलची जास्त आहे." यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचायला हवं होतं. ते बुधवारी सुचलं, पण तोवर तो मासे पकडायला गेला होता.

ओशिल्डनं तर न्याय करताना क्षणाचाही विलंब लावला नाही. ठरावात ग्रोनिपा लिहिलं होतं, मोलेन नाही. तेव्हा त्या रविवारी लापशी नाही, उकडलेला मासा. मी मासा खाल्ला. तिला वाटलं मी रुसेन. मी रुसलो नाही, कारण मला भूक होती आणि मासा ताजा होता. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "तुला ताप आलाय का?" तिनं विचारलं.

तेव्हापासून मी वर जातो तो वर जाण्यासाठी. बरं वाटतं. काल शिखरावर ऊन होतं आणि खाडी कोरीव कामासारखी स्वच्छ दिसत होती, आणि मी तिथं अर्धा तास नुसता बसलो, डबासुद्धा उघडला नाही. (वहीत नाव लिहायचं राहिलं. म्हणजे या आठवड्याची मोकळीक बुडाली, आणि ते मला खिंडीत आल्यावर आठवलं, आणि मी परत गेलो नाही. ही गोष्ट ओशिल्ड अजून मानत नाही.) चालणं ही चांगली गोष्ट आहे, ताई. तू आम्हा सगळ्यांना चालायला लावलंस त्याबद्दल सगळं गाव तुझं ऋणी आहे आणि मी सगळ्यांत जास्त. पण पाय थकले म्हणून पोटाला शिक्षा, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, आणि मी बरंच शोधलं. तुझं ते वाक्य वाचलं त्या दिवसापासून मला येन्सिनाच्या झोपडीतला तो करपलेला वास येतो.

तर एवढंच सांगायचं होतं. लोणी खा असं मी तुला म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. सिग्नीला आशीर्वाद. खुब्याला सांभाळ, ओल्या फरशीवर काठी जपून टेक. तू मला लिहिलेलं प्रत्येक पत्र मी चर्चच्या मागच्या खोलीत जपून ठेवतो, याचंही उत्तर टाक.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
तोर्लाइव

ता. क. वर मी लिहिलं की मोलेनच्या त्या रविवारनंतर माझ्यात फरक पडला. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मुदतीच्या आधीच रक्त तपासलं. साखर कुंपणापासून दोन पावलं मागे सरकली आहे. मी हे आध्यात्मिक बदलाचं फळ म्हणून ओशिल्डला सांगितलं. त्यावर ती म्हणाली की जुलैपासून ती लापशीत निम्म्या सायीऐवजी ताक घालत होती. म्हणजे अर्धा उन्हाळा माझी मोकळीक ताकाची होती आणि मला पत्ता नव्हता. हे कळल्यावर वरचे दोन परिच्छेद खोडावेत असं वाटलं, पण कागद संपत आला आहे.

ता. क. दुसरा. ओशिल्डनं पत्र वाचलं. (लोण्याचं ते वाक्यही वाचलं. ती उठून बाहेर गेली आणि लाकडं फोडून आली. लाकडांची गरज नव्हती.) ती म्हणते, इतकं लिहिलंस आणि कामाचं लिहिलंच नाहीस. तर कामाचं असं: गुरुवारी मी पहिल्या फेरीबोटीनं निघतो आहे, पुढे बस, दुपारी दोनपर्यंत तुझ्याकडे. साय, लोणी आणि येन्सिनानं पाठवलेली मुरंब्याची बरणी माझ्याजवळ असेल. पीठ सिग्नी आणेल. चार मजले मी लिफ्टनं येणार आहे आणि त्याबद्दल तू काही बोलायचं नाहीस.

ता. क. तिसरा, आणि हे ओशिल्डनं सांगितलंय म्हणून लिहितो. ठराव संत मिखाएलपर्यंत चालूच आहे, गुरुवार काही रविवार नव्हे, आणि या आठवड्यात वहीत माझं नाव नाही, तेव्हा माझा हक्क शून्य. पण तिनं तुझ्या घरापुरती एक सूट दिली आहे. तुझ्याकडे मी खाऊ शकतो, मात्र तू जेवढं खाशील तेवढंच. तुझ्याहून एक घास जास्त नाही. तू एक घास खाल्लास तर मी एक. तू हात मागे घेतलास तर मी सात तासांचा प्रवास करून आलेला माणूस तसाच उपाशी परत जाईन, आणि मी ओशिल्डला खोटं सांगत नाही हे तुला माहीत आहे. ही अट ऐकल्यावर मला आई गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा आठवला. मी सहा वर्षांचा होतो आणि जेवत नव्हतो. तू समोर बसायचीस, एक चमचा तू खायचीस आणि मग माझ्याकडे बघत बसायचीस, मी एक खाईपर्यंत दुसरा उचलायची नाहीस. महिनाभर दोघांचंही जेवण गार होत राहिलं. त्या हिवाळ्यात तू मला कोणत्याही डोंगरावर धाडलं नव्हतंस, ताई. मी दिवसभर चुलीपाशी बसून होतो आणि तरी तू मला भरवलंस.

गुरुवारी मी सकाळपासून काही खाल्लेलं नसेल.